चारशे बारा जोड्या

नेरूळ
१२ मे २०२५

शायमा,

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सअ‍ॅपवर ब्लॉक केलंयस. ई-मेल केला तर तुझ्या ऑफिसचं ते आपोआप येणारं इंग्रजी उत्तर येतं, की मॅडम प्रवासात आहेत. चौदा महिने कुठला गं प्रवास चाललाय तुझा? म्हणून आता कागद घेतलाय. दिल्लीचा पत्ता मला कोणी देईना. हे पाकीट खांदेश्वरला तुझ्या अम्मीच्या हातात नेऊन देणार आहे. अम्मीने पाठवलेलं तरी फोडशील.

माझी वहिनी आठवते ना, खारडोंगरीची सगुणा? नामादादाची बायको. तू ट्रेनिंगला नवीन होतीस तेव्हा तुला ओटीवर बसवून कोळंबीचं कालवण आणि तांदळाची भाकरी खायला घातली होती तिने, आणि तू लाजत लाजत तीन भाकऱ्या खाल्ल्या होत्यास. तीच.

आठवडाभर तिला तोंड धड उघडता येत नव्हतं. गेल्या सोमवारी तिचा मुलगा, माझा भाचा प्रीतम, तिला हॉस्पिटलात घेऊन गेला. काउंटरवरच्या मुलीने नाव टाकलं, स्क्रीनकडे बघितलं, मग वहिनीकडे बघितलं. म्हणाली, "यांचं रेकॉर्ड बंद आहे." प्रीतम म्हणाला, "बंद म्हंजे?" तर म्हणे, "पेशंट एक्स्पायर्ड दाखवतंय, गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत." वहिनी तिथेच उभी होती, तोंडाला पदर लावून. प्रीतमने तमाशा केला, सिक्युरिटीवाला आला. आणि ही बाई हसत होती. मला संध्याकाळी सांगते, "भागे, मेलेली बाय रांगेन कशी उबी ऱ्हाईल गो? तेवडं पन कलत नाय त्यांना."

आता नीट वाच. गेल्या वर्षी फेब्रुवारीत आपल्या कॅन्सर-नोंदणी केंद्राची तपासणीची गाडी खारडोंगरीच्या जेट्टीवर आली होती. तिथल्या बायका बारा-तेराव्या वर्षापासून मशेरी लावतात, म्हणून तोंडं बघायला. वहिनीच्या गालाला आतून पांढरा डाग होता. त्यांनी तुकडा काढला, फोन नंबर घेतला, रिपोर्ट आला की कळवतो म्हणाले. रिपोर्ट आला होता, शायमा. शुक्रवारी मी स्वतः बघितला. कॅन्सर, अगदी सुरुवातीचा. तेव्हा नखाएवढं कापून काढलं असतं तर बाई चार दिवसांनी मासळीची पाटी घेऊन बाजारात बसली असती.

फोन कोणी केला नाही. कारण मार्चमध्ये तुझी नवी जुळणी चालली. एकाच माणसाच्या दोन-दोन नोंदी असतील तर मशीनने त्या शोधायच्या आणि एक करायच्या, ती जुळणी. गावातल्या वरच्या आळीत दुसरी एक सगुणा नामा कोळी होती. ती त्याच फेब्रुवारीत तोंडाच्याच कॅन्सरने गेली. वय एकावन्न, आमची बावन्न. नाव तेच, नवऱ्याचं नाव तेच, गाव तेच. झाल्या दोघी मिळून एक! आणि ती एक मेलेली. मेलेल्या माणसाला फोन कोण करणार?

आता डॉक्टर म्हणतात डाव्या बाजूचा जबडा काढावा लागेल, मानेतल्या गाठीही.

जुलैपासून म्हणे तुझा नवा अभ्यासक्रम देशभर सुरू होणार. कॅन्सरचा अभ्यास करणारी नवी पोरं, सहा महिन्यांत तयार, घराबाहेर पाऊल न टाकता. आणि त्यांना नमुना म्हणून हीच जुळणी शिकवणार. तो थांबव. ज्या बाईने तुला जेवू घातलं तिला तुझ्या कॉम्प्युटरने मारून टाकलं, हे त्या पोरांना सांग आणि मग शिकव काय शिकवायचं ते.

भागीरथी


२९ मे २०२५

शायमा,

सतरा दिवस झाले. तुझ्याकडून एक ओळ नाही. बरं. मी लिहिणारच.

ऑपरेशन चार जूनला आहे. वहिनीचा सगळा जीव एकाच गोष्टीत अडकलाय. डॉक्टरांना चारदा विचारलं तिने, "मना बोलता येल ना?" ते म्हणाले, हळूहळू येईल, थोडं अस्पष्ट. बाहेर आल्यावर मला म्हणते, "हलूहलू बोलून बोंबील कोन घेनार माजे?" दिवाळे गावच्या बाजारात ती ओरडली की गिऱ्हाईक पुढच्या टोपलीकडे जायच्या आधी वळतं. जन्मभर तोंडावर धंदा केलाय तिने.

तुला पहिल्या दिवशी मी काय शिकवलं होतं? सांग बघू. "नाव नंतर विचार, आधी माहेर विचार." तू हसली होतीस, की ताई, हे काय स्थळ बघायला आलोय का? मग मी तुला ओटीवर समजावलं. आमच्याकडे अख्ख्या गावाचं आडनाव कोळी. नातवाला आजोबाचं नाव, म्हणून दर दुसऱ्या घरात एक नामा. आणि सून आली की तिचं नाव बदलायचं, तेही घरातल्या कुणा म्हातारीचं ठेवायचं. वहिनी माहेरची कुंदा. माझ्या आजीचं नाव सगुणा होतं म्हणून आईने तिला सगुणा केली. तांदळाच्या ताटात दादाने अंगठीने नाव लिहायचं तर दादाला अक्षर येत नव्हतं, त्याचा हात धरून मी लिहिलं होतं. वरच्या आळीतल्या सगुणेचंही तसंच, ती माहेरची कोण होती कोण जाणे.

म्हणून आपल्या जुन्या वहीत समासात पेन्सिलीने लिहायची पद्धत होती. "माहेरची कुंदा. जेट्टीजवळ. नामा बोटवाला." छापील फॉर्मात त्याला रकाना नव्हता. एकतीस वर्षं मी तो समास भरला. ट्रेनिंगला आलेल्या प्रत्येक पोराला भरायला लावला. तू तर किती सुबक भरायचीस. आणि मग नव्या सिस्टीममध्ये तूच तो उडवलास. "समासातलं मशीनला वाचता येत नाही, ताई."

गेल्या वर्षी मार्चमधल्या वर्कशॉपमध्ये तू जे बोललीस ते मला पाठ आहे. "ताई वर्षाला हजार घरं चालतात. आपल्याकडे पंधरा लाख माणसं आहेत. आपले आकडे छापून यायला चार वर्षं लागतात, आणि चार वर्षांत ज्यांचे आकडे आहेत ती माणसं उरत नाहीत. आपण पोरांना वही भरायला शिकवतो, तिचा अर्थ लावायला शिकवत नाही." पस्तीस पोरं मान डोलवत होती. मला राग आला तो कशाचा माहितेय? ते खरं होतं. जुन्या ट्रेनिंगमध्ये काय होतं गं? दोन वर्षं पोरं चहा पीत वह्या उतरवून काढायची. अर्ध्यांना टक्केवारी धड काढता येत नसे. ते मला तुझ्याआधीपासून दिसत होतं. पण मी केंद्रातली सगळ्यात जुनी, आणि माझी विद्यार्थिनी पुढे उभी राहून मला म्युझियममध्ये ठेवत होती.

मग मी जे बोलले ते बोलले. ते इथे पुन्हा लिहावं लागेल, कारण आजवर मी ते बोललेच नाही असं धरून चाललेय. "तुला कोळीवाड्यात घरात घेतलं ते मी पुढे होते म्हणून. एकटी गेली असतीस तर नाव ऐकून कोणी ओटीवर चढू दिलं नसतं." पस्तीस पोरांसमोर.

ते खोटंसुद्धा होतं. वहिनी दर ईदला मला विचारायची, "ती शायमा कवा येनार? तिच्या आयला सुकी कोलंबी द्याची हाय." तू लॅपटॉप बंद केलास, वायर गुंडाळलीस, पिशवीत घातलीस. एवढी सावकाश गुंडाळलीस. मग गेलीस. महिन्याभरात दिल्ली.

मी चुकले. लिहिलं बघ. पण ते वेगळं आणि वहिनीचं वेगळं. माझ्या तोंडचा शब्द आणि तुझ्या मशीनचं काम यांचा काही संबंध नाही. आता तू म्हणशील, मशीनने जोड्या फक्त दाखवल्या, तपासायला माणूस होतं. असेल. तपासणाऱ्याने नीट तपासायला हवं होतं हे मान्य. पण मुळात अशी जोडी दाखवलीच कशाला?

भागीरथी


१७ जून २०२५

शायमा,

ऑपरेशन झालं. नऊ तास. वहिनी नळीने जेवते. चेहऱ्याची डावी बाजू आत गेली आहे आणि मांडीची कातडी आणून गालाला लावली आहे. आरसा मागत नाही. मागितला असता तर बरं झालं असतं असं वाटतं मला.

ऑपरेशनच्या आधी दुसरं पत्र द्यायला तुझ्या अम्मीकडे, नूरीभाभींकडे गेले होते. त्यांनी दारातच हात धरला. म्हणाल्या, "वाचते ती तुमचं. पयलं वाचून फोनवर रडत होती. तुमी तिला येवढं काय लिवता?" मी म्हटलं, काही नाही, ऑफिसचं. चहा दिला, मी अर्धाच घेतला.

आणि काल नेरूळच्या बाजारात उन्नती भेटली. माझ्या खुर्चीवर आता ती बसते हे तुला माहीत असेल. भाजीची पिशवी खाली ठेवून म्हणाली, "मॅडम, शायमा मॅडमचा दिल्लीहून फोन आला होता, मेच्या वीस तारखेला. त्यांनी मार्च चोवीसच्या जुळणीचा सगळा लॉग मागवला. सगळ्या जोड्या पुन्हा उलगडायला लावल्या." मी विचारलं, लॉगमध्ये काय असतं? तिने माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाली, "कुठली जोडी, कुणी, किती वाजता, सगळं असतं, मॅडम."

म्हणजे माझं पहिलं पत्र तुला मिळालं आणि आठ दिवसांत तुला कळलं. आणि तरी तू गप्प बसलीस. मी दुसऱ्या पत्रात "तपासणाऱ्याने" असं लिहिलं तेव्हा तुला माहीत होतं. कसं वाचलंस गं ते?

आता मीच लिहिते. १४ मार्च २०२४. वर्कशॉपनंतरचा तिसरा दिवस. चारशे बारा संशयित जोड्या माझ्याकडे आल्या, कारण खाडीकाठची गावं माझ्याइतकी कुणाला माहीत नव्हती. पंधरा दिवसांची मुदत होती. सोबत तुझी चिठ्ठी होती. "ताई, हे फक्त तुम्हीच करू शकता. शंका आली तर गावात जाऊन या, गाडी सांगून ठेवली आहे." मी ती चिठ्ठी फाडली. एवढं सगळं झाल्यावर पुन्हा ताई, ताई! मला वाटलं, मला खेळवतेय. एकतीस वर्षं शिकवलं आणि आता मशीनने विचारलेल्या प्रश्नाला हो-नाही करायला ठेवलंय.

दुपारी घरीच जेवून लॅपटॉपपुढे बसले. प्रत्येक जोडीखाली दोन बटणं, "एकच" आणि "वेगळी". मी "एकच" दाबलं. पुढची जोडी आली, "एकच" दाबलं. कानाला फोन होता, आमच्या सोसायटीतली भाविका पाण्याच्या टाकीचं काहीतरी सांगत होती, मी हं हं करत होते आणि दाबत होते. मनात काय होतं तेही लिहिते, कारण लॉगमध्ये ते नसणार. मनात होतं, होऊ दे सगळं चुकीचं. आकडे वेडेवाकडे येऊ देत, तिच्या कोर्सचा बोऱ्या वाजू दे, मग येतील सगळे माझ्या वह्यांकडे. सत्तर मिनिटांत चारशे बारा संपल्या. मग मी उठून कपडे वाळत घातले.

वहिनीची जोडी कितवी होती ते मला माहीत नाही. मी तिचं नाव वाचलंच नाही. तांदळात जे नाव मी लिहिलं ते स्क्रीनवर माझ्यासमोर येऊन गेलं आणि मी वाचलं नाही.

अजून एक आहे. गेल्या वर्षी गणपतीत वहिनीने मला मागच्या दारी नेऊन विचारलं होतं, "भागे, ते तुकडा नेलेलं, त्याचं काय झालं गो? आग हुते तोंडान." मी मोदक वळत होते. म्हटलं, "काही असतं तर फोन आला असता, वहिनी." ती निवांत झाली. मी सांगितलं ना, मग झालं! कॅन्सरमधली सगळ्यात शहाणी तिच्या घरात होती. हात धुऊन उजेडात जबडा उघडून बघायला मला एक मिनिट लागलं नसतं.

उन्नती जाता जाता म्हणाली, चारशे बारांपैकी त्रेसष्ट जोड्यांतल्या बायका वेगळ्या निघाल्या. नऊ जिवंत होत्या आणि मेलेल्या दाखवल्या होत्या. वहिनी सोडून आठ. त्यांना आता फोन गेलेत. पाच जणींनी उचलले.

बाकीच्या तिघींचं मी विचारलं नाही.

भागीरथी


१९ जुलै २०२५

शायमा,

तुझं पत्र मिळालं. एक पानी, टाइप केलेलं, खाली सही. हाताने लिहायचं सोडलंस का?

तू लिहिलंस की एका थकलेल्या माणसाला एकटीला चारशे जोड्या देणं हीच मूळ चूक, सत्तर मिनिटांत संपल्या तेव्हा सिस्टीमने घंटा वाजवायला हवी होती, ती व्यवस्था मी केली नव्हती, म्हणून चौकशी समितीपुढे मी रचनेचा दोष असं लिहिलं आहे, तुमचं नाव नाही. तू लिहिलंस की अभ्यासक्रम एक महिना पुढे ढकलला, त्यात पंधरा दिवस गावात फिरणं घातलं, माहेर आणि टोपणनावाचे रकाने घातले. आणि ऑगस्टमध्ये पहिल्या तुकडीला खारडोंगरीत घेऊन जायला तुम्ही या. "ताई, हे तुम्हीच शिकवू शकता."

हेच वाक्य गं! चिठ्ठीतलं. तुला दुसरं सुचलं नाही की मुद्दाम लिहिलंस?

मी थकले नव्हते, शायमा. रचनेचा दोष म्हणून मला पांघरूण घालू नकोस. मी चिडले होते. घंटा वाजली असती तर मी तीही बंद केली असती. तुझ्या रचनेत चिडक्या बाईसाठी काय सोय केलीस ते सांग. आणि पोरांना काय शिकवू? एकतीस वर्षं मी चालले, घरोघर. त्या चालण्याने माझं काय सुधारलं? तू माझ्या चालण्याचं कौतुक करत बसू नकोस. कोडिंग शिकव, आकडे शिकव, लवकर छापायला शिकव. तू बरोबर होतीस.

वहिनीचं पुन्हा मानेत आलंय, आणि फुप्फुसात. रेडिएशन सोसणार नाही म्हणतात. घरी आणलंय.

मी तिला सांगायला गेले होते. एकदा नाही, सहा वेळा. दादा खाटेशेजारी जाळं विणत बसलेला असतो, सध्या बोटी बंद आहेत ना. पाचव्या वेळी दादा पाणी आणायला उठला आणि आम्ही दोघीच राहिलो. मी म्हटलं, "वहिनी, तो फोन आला नाही ना, तो माझ्यामुळे." तिला आता बोलता येत नाही, घशातून नुसता घुरघुर आवाज येतो. तिने माझा हात घेतला आणि थोपटला. तिला वाटलं मी कर्माला दोष देतेय, बायका देतात तसा. मी पुन्हा सांगायला हवं होतं. जुळणी म्हणजे काय, बटण म्हणजे काय, सोपं करून सांगायला हवं होतं. तुला आठवतंय, अडाण्यातल्या अडाणी बाईला कसं विचारायचं ते मी तुला शिकवायचे? मला दोन वाक्यं सुचली नाहीत.

सहाव्या वेळी शेजारची सखू आली होती बघायला. वहिनीने माझ्याकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या छातीला लावलं. दादाने अर्थ सांगितला. "ती बोलते, माजी ननन हाय ना कॅन्सरवाली, म्हनून माजं येवडं तरी झालं." सखूने माझ्या पाया पडल्यासारखं केलं.

मी येणार नाही ऑगस्टमध्ये.

भागीरथी


२ सप्टेंबर २०२५

शायमा,

सगुणा वहिनी वीस ऑगस्टला सकाळी गेली. मी तिथेच होते. आदल्या दिवशी तिने खुणेने पाणी मागितलं, कापूस भिजवून ओठांना लावला, एवढंच. मी तिला सांगितलं नाही.

घरात सुतक, म्हणून यंदा गणपती नाही. वीस तारखेलाच दाखला घ्यायचा होता तर दादा म्हणाला, "भागी बघंल, ती शिकलेली हाय." मीच फॉर्म भरला. उन्नतीला फोन करून विचारलं, आता तरी नोंद नीट झाली ना? ती म्हणाली, "हो मॅडम, आता दोघी वेगळ्या आहेत." मी म्हटलं, बरं.

दहाव्याला सगळं गाव जेट्टीवर होतं. वरच्या आळीची माणसंसुद्धा. तिथला तो दुसरा नामा, मिठागरवाला, बायको गेल्यापासून दाढी वाढवून असतो, तोही आला. विधी झाला, अंघोळी झाल्या, आणि मग दादा ओल्या पंच्यानेच उभा राहिला. माझा दादा चार माणसांत कधी बोलत नाही. तो म्हणाला, "माजी भयीन नसती तं माजी बायको हास्पिटलच्या दारान मेली असती. साडेतीन महिने ती रोज आली. नेरूलशी. रोज. येवडं कोनी करत नाय." मग त्याला रडू आलं. सगळे माझ्याकडे बघत होते. बायकांनी मला मधे घेतलं. वहिनीची हिरवी साडी, नारळी पौर्णिमेला नेसायची ती, त्यांनी माझ्या हातात ठेवली. मी घेतली. कपाटात आहे.

तेव्हा सांगता आलं असतं. सगळं गाव होतं, ज्यांचं नाव वाचलं नाही त्या त्रेसष्ट जोड्यांतल्या कितीजणींची माणसं तिथे असतील. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, रडतेय. रडत तर होतेच.

जेवणं झाल्यावर प्रीतमने मला होड्यांकडे बाजूला घेतलं. आईसाठी रजा घेऊन घेऊन त्याची नोकरी जायची वेळ आलीय, पण त्याच्या डोक्यात वेगळंच आहे. म्हणाला, "आत्या, मी सोडनार नाय. जिवंत मानसाला मेलेलं कोनी दाखवलं? मशीनने आपल्याआपन केलं नसनार. कोनतरी बसला असंल ना तिथं बटन दाबाला. तुजी वलख हाय आत. मना फक्त नाव काढून दे." त्याचे डोळे लाल होते. तो लहान असताना मी त्याला पाटीवर अक्षरं गिरवायला शिकवलीत. या घरातला शाळा पुरी केलेला पहिला तोच.

मी म्हटलं, "बघते."

बघते म्हटलं गं मी, शायमा! त्याने मान हलवली. रोज फोन करतो, "आत्या, काय कललं?" मी म्हणते, विचारलंय, गणपतीची सुट्टी चाललीय. काल म्हणाला, सुट्टी संपली की मीच केंद्रात जातो. उन्नती त्याला सांगणार नाही. तू तर सांगणारच नाहीस, तू कागदावर रचनेचा दोष लिहून ठेवलायस. तुम्ही सगळ्या मिळून मला वाचवताय आणि तो पोरगा वेडा होतोय.

तुझी पहिली तुकडी खारडोंगरीत येऊन गेली असं ऐकलं. अठरा पोरं, टॅब घेऊन, दारोदार माहेर विचारत होती. सखू सांगत होती, चांगली होती म्हणे, पायताणं बाहेर काढून आत यायची. त्यांना माझ्याबद्दल सांग. केस म्हणून सांग, नाव घालून सांग, तारीख आणि वेळ घालून सांग. तुझ्या कागदावरचं ते रचनेचा दोष खोडून काढ. ही एवढीच विनंती.

चार महिने तुला लिहितेय. प्रत्येक वेळी पाकीट बंद करताना वाटायचं, झालं, कबूल केलं, आता हलकं वाटेल. काल कळलं मी तुलाच का लिहितेय. तू लांब आहेस, आणि तुला आधीच माहीत आहे. दादाला वाचता येत नाही, त्या भरवशावर त्याच्या घरापासून दोन कोसांवर बसून मी ही पानं भरली.

प्रीतमला वाचता येतं. पाकिटावर तुझ्या अम्मीचा पत्ता घातलाय. त्याचा घालायला हवा होता.

भागीरथी